पहिला श्वास आणि चाळिशीतले हृदय

बाळंतपणाच्या खोलीबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय झालं? मुलगा की मुलगी?" जुनी जाणती सुईण मात्र आधी दुसरेच विचारी, "रडलं का?" तिने वैद्यकशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसे. पण बाळाच्या पहिल्या रडण्यात त्याचा सारा पुढचा प्रवास दडलेला असतो, एवढे तिला अनुभवाने ठाऊक होते.

आता अशी एक आई डोळ्यांपुढे आणा. जबलपूरला राईट टाउनमध्ये राहणारे मराठी कुटुंब. मुलगा चोवीस वर्षांचा, धडधाकट. नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत त्याचा रक्तदाब १५० च्या वर निघाला. घरात सगळे चकित झाले, पण आईच्या मनात जुनी आठवण उसळली. हा जन्मला तेव्हा रडला नव्हता. निळा पडला होता. डॉक्टरांनी चार दिवस प्राणवायूवर ठेवला होता. पुढे तो वेळेवर बसला, वेळेवर चालला, शाळेतही हुशार निघाला, म्हणून सगळे ते विसरले. आई विसरली नव्हती. "तेव्हाच्या त्या घुसमटीचा तर हा परिणाम नसेल ना? आणि माझंच काही चुकलं होतं का?"

असे प्रश्न घरोघरी आहेत. जन्मताना गुदमरलेल्या मुलाच्या मेंदूची काळजी सगळेच करतात. तो बोलेल का, चालेल का, शिकेल का, हे पाहिले जाते. हृदयाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या संशोधनाने याच हृदयाविषयी काही महत्त्वाचे सांगितले आहे. ते घाबरवणारे नाही. वेळीच समजले तर उपयोगाचे आहे.

गर्भातला प्राणवायू

आईच्या पोटात बाळाची फुफ्फुसे काम करत नाहीत. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. आणि तोही बेताचाच. निरोगी गर्भाच्या रक्तात प्राणवायूचे प्रमाण इतके कमी असते की शास्त्रज्ञ त्याला 'गर्भातला एव्हरेस्ट' म्हणतात. निसर्गाने त्याची सोयही केलेली आहे. गर्भाचे रक्त थोडा प्राणवायूही घट्ट पकडून ठेवते आणि त्याचे हृदय वेगाने चालते.

बाळंतपणाच्या कळा येतात तेव्हा गर्भाशय आवळले जाते आणि वारेकडे जाणारा रक्तप्रवाह क्षणभर रोखला जातो. कळ ओसरली की तो पुन्हा सुरू होतो. निरोगी बाळ हे सहज सोसते. पण कळांना मध्ये उसंतच मिळाली नाही, नाळ दाबली गेली, वार आधीच सुटली किंवा बाळंतपण फार लांबले, तर बाळ घुसमटते. मग त्याचे शरीर काटकसर सुरू करते. हातपाय, आतडी, मूत्रपिंडे यांचे रक्त कमी करून ते मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवते. घरात धान्य संपत आले की आई आधी लेकरांच्या ताटात वाढते, तसेच हे.

बाळ बाहेर येऊन पहिला श्वास घेते तेव्हा फुफ्फुसे फुगतात, त्यांतल्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि गर्भात असताना उघडी असलेली हृदयाजवळची वाट हळूहळू बंद होते. हा सगळा बदल पहिल्या श्वासाच्या भरवशावर चालतो. तो श्वास उशिरा आला तर फुफ्फुसांतल्या वाहिन्या आकसलेल्याच राहू शकतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. हृदयाचा स्नायूही काही दिवस दुबळा पडतो. योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक बाळांमध्ये हा दुबळेपणा काही दिवसांत वा आठवड्यांत भरून निघतो.

खूण मागे कशी राहते?

मग वीस-तीस वर्षांनी तिचा काय संबंध? संबंध आहे तो शरीराच्या बांधणीचा. हृदयाच्या स्नायूतल्या पेशी जन्मानंतर थोड्याच काळात वाढीसाठी विभागणे जवळजवळ थांबवतात. पुढे हृदय मोठे होते ते पेशी आकाराने वाढल्यामुळे. म्हणजे आयुष्यभर पुरवायची शिदोरी बहुतांशी जन्माच्या आसपासच बांधली जाते. मूत्रपिंडांतल्या बारीक गाळण्यांचेही तसेच. त्या नवव्या महिन्यापर्यंत तयार होतात, नंतर नव्याने होत नाहीत. गाळण्या कमी असतील तर उरलेल्यांवर बोजा पडतो आणि पुढे रक्तदाब वाढण्याची शक्यता असते. मोठ्या रक्तवाहिन्यांना लवचिकपणा देणारे तंतूही याच दिवसांत विणले जातात.

या काळात प्राणवायू बराच वेळ कमी पडला, तर शरीर जगण्यासाठी तडजोड करते. त्या तडजोडीची किंमत कधी कधी चाळिशीत चुकवावी लागते.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. गर्भारपणात आठवडेच्या आठवडे प्राणवायू कमी पडणे वेगळे आणि जन्माच्या वेळी काही मिनिटे गुदमरणे वेगळे. पुढच्या आयुष्यातल्या हृदयाच्या तक्रारींशी पहिल्या प्रकाराचा संबंध अधिक स्पष्ट दिसला आहे. पूर्ण दिवसांचे बाळ थोडा वेळ गुदमरले आणि सावरले, तर त्याला मोठेपणी हृदयविकार होणारच, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

कोंबडीची अंडी आणि बर्फातली प्रयोगशाळा

हा संबंध शोधताना शास्त्रज्ञांपुढे एक अडचण होती. आईला प्राणवायू कमी पडला की तिचे खाणेपिणेही बिघडते. मग दोष कोणाचा, अन्नाचा की हवेचा? केंब्रिज विद्यापीठाचे डीनो जिउसानी आणि त्यांचे बोलिव्हियातले सहकारी यांनी यावर नामी युक्ती काढली. कोंबडीच्या अंड्यात पिल्लाची शिदोरी आधीच भरलेली असते, आईच्या खाण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी सखल भागातल्या कोंबड्यांची अंडी सुमारे ३,६०० मीटर उंचीवरच्या ला पाझ शहरात नेऊन उबवली. विरळ हवेत पिल्लांची वाढ खुंटली, हृदय प्रमाणाबाहेर मोठे झाले आणि महारोहिणीची भिंत जाड झाली. त्याच उंचीवर अंड्यांना जादा प्राणवायू पुरवला तेव्हा हे दोष टळले. हे निष्कर्ष २००७ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. पण स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात प्राणवायू कमी पडून फुफ्फुसांतला रक्तदाब वाढला होता आणि नंतर जी पूर्ण बरी झाली होती, अशी काही तरुण मुले-मुली त्यांनी शोधली. त्यांना ४,५५९ मीटर उंचीवरच्या, बर्फातल्या प्रयोगशाळेत नेले. सोबत निरोगी जन्मलेले समवयस्कही होते. उंचीवर फुफ्फुसांतला रक्तदाब सगळ्यांचाच वाढला, पण जन्मताना त्रास झालेल्यांचा कितीतरी जास्त वाढला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. ही संख्येने थोडीच मंडळी होती, तरी अर्थ मोलाचा होता. खाली मैदानात काहीच जाणवत नाही, पण शरीर जुनी खूण विसरलेले नसते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दलही असेच दिसले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की अशा जन्मलेल्या तरुणांच्या हृदयाचा डावा कप्पा वजनाला जड आणि आकाराने थोडा वेगळा असतो.

म्हैसूरची वही, पुण्याची बाळे

आपल्या देशातला पुरावा प्राणवायूचा नाही, जन्मवजनाचा आहे. पण दोन्ही गोष्टी सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. वारेतून प्राणवायू कमी आला की पोषणही बहुधा कमीच येते आणि बाळ लहान राहते.

म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९३४ पासून प्रत्येक बाळाचे वजन लिहून ठेवले जाई आणि त्या नोंदी नीट जपल्या गेल्या. सुमारे अर्ध्या शतकानंतर संशोधकांनी त्या नोंदींवरून पंचेचाळिशी ओलांडलेली माणसे शोधून त्यांची हृदये तपासली. अडीच किलो किंवा त्याहून कमी वजनाने जन्मलेल्यांत शंभरात ११ जणांना हृदयविकार होता. ३.१ किलोहून अधिक वजनाने जन्मलेल्यांत शंभरात तिघांनाच. ही गोष्ट १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणा परिचारिकेने रोज मनापासून लिहिलेल्या नोंदीचे मोल इतके मोठे ठरले!

पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण नवल असे, की आपली बाळे दिसायला किरकोळ असली तरी त्यांच्या अंगातली चरबी तितकीशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणून जन्मताना अशक्त असलेल्या बाळाला 'गुटगुटीत' करण्यासाठी तूप-साखरेचा मारा करणे शहाणपणाचे नाही. त्याला सहा महिने केवळ आईचे दूध, नंतर घरचे चौरस अन्न आणि अंगणात मोकळे धावणे हवे.

त्या आईला काय सांगायचे?

पहिली गोष्ट, तिचे काही चुकले नाही. नाळ दाबली जाणे किंवा वार सुटणे कोणत्याही आईच्या हातात नसते. इतकी वर्षे मनात वाहिलेले हे ओझे तिने आता खाली ठेवावे.

दुसरी गोष्ट, एकदा रक्तदाब जास्त आला म्हणजे आजार ठरला असे नाही. तपासणीच्या भीतीनेही तो चढतो. निवांत बसून, वेगवेगळ्या दिवशी, दंडाला बरोबर बसणाऱ्या पट्ट्याने तो पुन्हा मोजावा. खरोखरच वाढलेला असेल तर इतक्या तरुण वयात त्याचे कारण शोधलेच पाहिजे. मूत्रपिंडांची आणि हृदयाची तपासणी करावी. घरात कोणाला रक्तदाब आहे का, मीठ किती, झोप किती, तंबाखू आहे का, हेही पाहावे. आणि त्याच वेळी जन्माची हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. तो त्या चित्राचा एक तुकडा आहे, सगळे चित्र नव्हे.

गडचिरोलीचा धडा

खूण राहू नये म्हणून काय करता येते? याचे उत्तर जबलपूरपासून फार दूर नाही. सिवनीमार्गे नागपूर आणि तिथून पुढे गडचिरोली. या जंगलपट्टीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेव्हा तिथली बहुतेक बाळंतपणे घरीच होत. न रडणाऱ्या बाळाला वाचवायला डॉक्टर मिळणे कठीणच होते.

बंग दांपत्याने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. फारशी शाळा न शिकलेल्या या बाया बाळ जन्मताच घड्याळ पाहत, ते कोरडे करत, श्वास मोजत. श्वास नसेल तर आधी तोंडाने, मग नळी-मुखवट्याने आणि शेवटी पिशवी-मुखवट्याने हवा देत. पिशवी-मुखवटा म्हणजे हाताने दाबायचा रबरी फुगा आणि नाकातोंडावर बसणारी वाटी. गंभीर घुसमट झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात ३९ दगावत, ते प्रमाण २० वर आले. घुसमटीने होणारे एकूण बालमृत्यू ६५ टक्क्यांनी घटले. सर्वांत जास्त गुण आला तो पिशवी-मुखवट्याचा. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे २०११ मध्ये देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊ लागल्या.

आता देशात शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण दवाखान्याच्या भिंती श्वास देत नाहीत, शिकलेले हात देतात. पिशवी-मुखवटा कपाटात कुलूपबंद असून चालत नाही. बाळंतपणाच्या खोलीत, बाळाच्या शेजारी, तो वापरता येणारे माणूस हवे. दवाखाना ठरवताना फी विचारतो, खोली पाहतो, तसेच हेही विचारावे. "बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात त्याच्याकडे कोण बघणार?" असे विचारण्यात संकोच कसला?

आणखी एक गोष्ट. पूर्वी अशा बाळांना सरसकट शंभर टक्के प्राणवायू देत. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला सौगस्ताद यांनी १९९३ मध्ये दाखवले, की साधी हवाही तितकेच काम करते. अति प्राणवायूही पेशींना इजा करू शकतो. म्हणून आता पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी साध्या हवेनेच श्वास देतात. 'प्राणवायू का लावला नाही?' म्हणून डॉक्टरांवर चिडण्याआधी हे आठवावे.

घरच्यांच्या हातात काय आहे?

गर्भारपणात आईच्या रक्तातले लोह सांभाळा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या अंगात रक्त कमी आहे. प्राणवायू वाहून नेणारी गाडीच अपुरी असेल, तर तो बाळापर्यंत पोहोचणार कसा? लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. लिंबू-आवळ्याबरोबर घेतल्या तर अंगी लागतात. मंडला, दिंडोरीपासून विदर्भापर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेल आजारही बराच आढळतो. त्याची रक्ततपासणी लग्नाआधी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी.

चुलीचा धूर आणि घरातली विडी-सिगारेट यांतला विषारी वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. मिश्री, गुडाखू, तंबाखू तर नकोच. अंगावर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, ही रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. ती अंगावर काढू नयेत. बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट पाहू नये. शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपावे.

आणि लवकर सुटका व्हावी म्हणून कोणाकडूनही 'कळा वाढवायचे इंजेक्शन' घरी टोचून घेऊ नये. दवाखान्यात देखरेखीखाली दिले तर ते औषध आहे. घरी, बेताल दिले तर कळांना उसंत राहत नाही आणि बाळ आत घुसमटते.

बाळ रडले नाही तर त्याला उलटे टांगणे, फटके मारणे, गार पाण्याचा हबका देणे, नाकाशी कांदा धरणे किंवा वार शेकत बसणे, या सगळ्यात मोलाची मिनिटे वाया जातात. कोरड्या कापडाने पुसावे, पाठ चोळावी, उबेत ठेवावे आणि लगेच श्वास द्यावा.

अशा जन्मकथेचे मूल मोठे होत असताना तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी त्याचा रक्तदाब मोजून घ्यावा. फार लवकर जन्मलेल्या किंवा अतिदक्षता विभागात राहिलेल्या मुलाचा त्याआधीही मोजावा. मोठेपणी मीठ दिवसाला चमचाभराच्या आत, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. तिशीत साखर आणि चरबीची तपासणी करून घ्यावी. जन्मताना फुफ्फुसांतला रक्तदाब वाढला होता, अशांनी केदारनाथ किंवा लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चारशे मीटरवरच्या जबलपुरात जे हृदय तक्रार करत नाही, ते तिथे करू शकते.

शेवटी एक साधे काम, आजच करण्यासारखे. आपण दहावीचे प्रमाणपत्र, जमिनीचे कागद, सोन्याच्या पावत्या पेटीत जपून ठेवतो. जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कार्ड मात्र पहिल्या वाढदिवसापर्यंतही टिकत नाही. कार्ड असेल तर ते त्या पेटीत ठेवा. हरवले असेल तर आईला, आजीला विचारून एका कागदावर एवढेच लिहा. किती महिन्यांनी जन्म झाला, वजन किती होते, लगेच रडले का, प्राणवायूवर किंवा काचेच्या पेटीत किती दिवस होते, आईला तेव्हा रक्तदाब, साखर किंवा रक्त कमी असण्याचा त्रास होता का. अपगार गुण लिहिले असतील तर तेही उतरवून घ्या. न्यूयॉर्कच्या डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये ही पद्धत आखली. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचे ठोके, श्वास, रंग, स्नायूंचा ताण आणि चाळवल्यावरचा प्रतिसाद पाहून दहापैकी गुण देतात. कमी गुण म्हणजे भविष्य नव्हे, ती त्या क्षणाची नोंद असते.

लेक सासरी जाताना, लेक नोकरीला परगावी जाताना हा कागद त्यांच्या हाती द्या. पन्नाशीतल्या एखाद्या रात्री तातडीने दवाखाना गाठायची वेळ आली, तर तेव्हा आई सांगायला जवळ असेलच असे नाही. कागद असेल.